बारावीनंतर डेटा अँड बिझनेस अ‍ॅनालिटिक्सची डिग्री घ्यावी का? पुण्याला जावं की जळगाव-धुळ्यातच राहावं?

प्रश्न थोडक्यात असा: धुळ्याचा मुलगा आहे, बारावी सायन्स झाली, गणित बरं आहे, पण इंजिनिअरिंगला जायचं नाही. डेटा अँड बिझनेस अ‍ॅनालिटिक्सची पदवी (धंद्यातल्या आकड्यांवरून निर्णय कसे घ्यायचे ते शिकवणारी) घ्यावी का, पुण्याला जावं की इथेच जमेल, स्कोप किती? आणि शेवटी जाता जाता विचारलंय, ‘आमच्या ओळखीतले एक इंजिनिअर म्हणतात, ही डिग्री म्हणजे महागडा एक्सेलचा क्लास आहे. खरं का?’

ते शेवटचं वाक्य नसतं तर मी पुढे सरकले असते. पण हेच शब्द माझ्या आतेभावाने मला लग्नाच्या पंगतीत, चार पाहुण्यांच्या देखत ऐकवले होते. तेव्हा समोर वरण-बट्टी होती आणि आत्या शेजारी बसली होती म्हणून गप्प बसले. आज इथे आत्या नाही.

(तू बारावीचा, म्हणून ‘तू’ म्हणते. राग मानू नकोस.)

मी अमळनेरची. पुण्याच्या एका खासगी कॉलेजातून बिझनेस अ‍ॅनालिटिक्समध्ये बीबीए केलं, आता जळगावला नोकरी करते. नाना, म्हणजे माझे वडील, बाजार समितीत मापाडी होते. त्यामुळे काट्याजवळ कोण उभं आहे यावर वजन कसं हलतं, हे मला कॉलेजच्या आधीच ठाऊक होतं. डिग्रीत काय शिकवतात ते लिहीत बसत नाही. संख्याशास्त्र, अकाउंट्स, मार्केटिंग, एसक्यूएल, पायथन, पॉवर बीआय ही कॉम्प्युटरवरची साधनं आणि शेवटी प्रोजेक्ट, हे कुठल्याही कॉलेजच्या माहितीपत्रकात मिळेल.

मला सांगायचंय ते प्रोजेक्टबद्दल.

वर्गातल्या बहुतेकांनी इंटरनेटवरून तयार डेटा उतरवून घेतला. टायटॅनिकवरचे कोणते प्रवासी वाचले असते, बोस्टनमधलं घर कितीला जाईल, असले विषय. मी सुट्टीत घरी आले आणि नानांच्या ओळखीने जळगाव एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये जाऊन बसले. शेठनी पहिल्याच दिवशी दुखणं सांगितलं. तुरीचा उतारा एरवी 72 च्या आसपास असतो, म्हणजे शंभर किलो तुरीमागे 72 किलो डाळ. पण पाऊस लागला की जूनमध्ये तो 69 वर येतो आणि दसऱ्याच्या सुमारास आपोआप सावरतो. दरवर्षी हेच.

यावर मिलमध्ये दोन पक्ष होते. शेठचं म्हणणं, दोष लेमन तुरीचा. आपली देशी तूर डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येते, उन्हाळ्यापर्यंत पुरते, मग म्यानमारची लेमन घ्यावी लागते. ती हलकी, तिचा चुरा जास्त, असं शेठचं ठाम मत. मुनीमजींचं मत वेगळं होतं. ते उघड बोलत नव्हते, पण हमालांच्या टोळीकडे बघून मान हलवायचे. दोघांकडेही पुरावा एकच, मुनीमजींची एक्सेलची फाइल: महिन्यात आत किती तूर गेली, बाहेर किती डाळ आली.

त्या फाइलवर मी कॉलेजात शिकवलेलं सगळं लावून पाहिलं. जातवार सरासरी काढली तर लेमन खरंच खाली दिसत होती. टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे तपासायची कसोटी, लावली तर फरक ‘सिग्निफिकंट’, म्हणजे योगायोगाचा वाटत नाही असा. एवढ्यावर पीपीटी झकास झाली असती, शेठही खूश झाले असते. पण नानांच्या घरात वाढल्यामुळे असेल, आकडा लिहिला जातो तिथे जाऊन बसल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून ऑफिसातून उठून वाळवणीच्या पटांगणात गेले.

तूर कशी भरडतात हे तू पाहिलं नसशील तर एकदा बघच. आधी चाळायची, मग रोलरमधून घासायची, म्हणजे सालाला ओरखडे पडतात. मग तेल चोळायचं, पाणी मारायचं आणि ढीग रात्रभर मुरू द्यायचा. सकाळी उन्हात पसरायचा. साल सुटलं तरी जो गोटा फुटत नाही तो परत पाण्याला जातो, परत वाळतो. मोठ्या मिलांना ड्रायर असतात. या मिलचं बरंचसं काम उन्हावर चालायचं. म्हणजे आज आत गेलेली तूर डाळ होऊन पोत्यात पडेपर्यंत तीन दिवस धरायचेच. आभाळ आलं की चार, झड लागली की त्याहून जास्त.

गोदामाच्या भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. चार उभ्या, त्यांच्यावरून एक आडवी, अशा जुड्याच्या जुड्या, काही पुसट, काही ताज्या. मुकादम पोती मोजायचा आणि संध्याकाळी ते खिशातल्या लांबट वहीत उतरवायचा. कुठला ढीग कधी भिजवला, कधी उचलला, किती पोती भरली, सगळं. हमाली पोत्यामागे मिळते, त्यामुळे त्या वहीत एकही पोतं सुटलेलं नव्हतं. मी त्याला महिन्याच्या उताऱ्याचं विचारलं तर तो हसायला लागला. म्हणाला, ‘पोरी, काल भिजाडेल माल आज कसा निंघी?’ म्हणजे काल भिजवलेला माल आज कसा निघेल?

माझा प्रोजेक्ट त्या एका वाक्यात होता.

आता हिशोब बघ. समजा मिल रोज 100 क्विंटल तूर घेते आणि महिन्यात 25 दिवस चालते, म्हणजे 2,500 क्विंटल आत. वाळायला कायम तीन दिवस लागत असतील तर पटांगणात नेहमी 300 क्विंटल पडून राहणार. महिन्याच्या सुरुवातीला तेवढेच, शेवटी तेवढेच, उतारा बरोबर दिसणार. जूनमध्ये वाळायला तीनाचे चार दिवस झाले की महिनाअखेर पटांगणात 400 क्विंटल असतात. म्हणजे 2,500 आत गेले, पण डाळ झाली 2,400 ची. 72 टक्क्यांनी ती 1,728 क्विंटल होते. मुनीमजी तिला भागतात 2,500 ने, आणि उत्तर येतं 69. कागदावर 72 क्विंटल डाळ गायब! ती कोणी चोरलेली नसते, पटांगणात ओली पडलेली असते. पुढे झड लागून वाळायचे दिवस आणखी वाढत गेले की पुढच्या महिन्यांतही तशीच तूट दिसते. पाऊस ओसरून वाळवण परत तीन दिवसांवर आली की तीच डाळ त्या महिन्याच्या खात्यात जमा होते, म्हणून दसऱ्याला उतारा ‘सावरतो’.

मग मी महिना सोडला आणि लॉट धरला. मुकादमाच्या वहीवरून प्रत्येक ढिगाची आत गेलेली तूर आणि त्याच ढिगाची निघालेली डाळ जुळवली. चुनी (डाळीचा चुरा) आणि सालाचं वजनही ताडून पाहिलं. देशी आणि लेमनमध्ये भांडण्याजोगा फरक उरला नाही. लेमनचा गुन्हा एवढाच की ती पावसाबरोबर यायची. याला पुस्तकात कन्फाउंडिंग म्हणतात. परीक्षेत दोन मार्कांची टीप लिहून आपण ते विसरतो, पण त्या मिलमध्ये त्यामुळे हमालांवर संशय घेतला जात होता.

शेठनी दोनदा हिशोब करून घेतला, मग मुनीमजींना फाइलमध्ये लॉट नंबरचा कॉलम टाकायला सांगितलं. मुकादमाची कोणी माफी मागितली नाही. त्याला कोणी उघड चोर म्हटलंच नव्हतं ना, मग माफी कशाची!

कॉलेजात मी हे मांडलं तर गाइड सर म्हणाले, ‘छान आहे, पण मॉडेल कुठे आहे? निदान रँडम फॉरेस्ट तरी लावायचं.’ (ही कॉम्प्युटरकडून अंदाज बांधून घ्यायची एक पद्धत.) मला जेमतेम मार्क मिळाले. 1912 साली बुडालेल्या जहाजातले कोण वाचले हे पुन्हा एकदा शोधून काढणाऱ्या मुलाला माझ्याहून जास्त. त्याचं वाईट वाटत नाही असं मी आता म्हणते.

आणि मग ते लग्न. आत्याने कौतुकाने विषय काढला, मी मिलची गोष्ट सांगितली. आतेभाऊ कॉम्प्युटर इंजिनिअर, हिंजवडीला असतो. बट्टी कुस्करत म्हणाला, ‘म्हणजे एवढा खर्च करून शेवटी एक्सेलमध्ये एक कॉलमच वाढवला ना? महागडा एक्सेलचा क्लास झाला हा.’ सगळे हसले. त्याने वर ज्ञानही पाजळलं की ही डिग्री धड ना इकडची, धड ना तिकडची. कोडिंग इंजिनिअरला येतं, धंदा मारवाडी-गुजरात्यांना येतो, मग तुमचं मधे काय काम?

तर तुझ्या प्रश्नाच्या त्या भागाचं उत्तर: हो, कॉलमच वाढवला. कुठला वाढवायचा हे कळायला तीन वर्षं आणि एक मुकादम लागला. माझा भाऊ त्या मिलमध्ये आला असता तर मुनीमजींचा तोच चुकीचा आकडा रोज सकाळी सातला शेठच्या मोबाइलवर आपोआप येईल अशी सोय करून गेला असता. डॅशबोर्ड देखणा झाला असता, लाल-हिरव्या बाणांचा. आणि जूनमध्ये लाल बाण बघून शेठनी टोळी बदलली असती.

त्याला वाटतं आकड्यांचं शास्त्र कॉम्प्युटरवाल्यांनी काढलं. ज्या टी-टेस्टवर सगळे उड्या मारतात ती 1908 साली विल्यम गॉसेट नावाच्या माणसाने मांडली. तो डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. सातूचे नमुने मोजकेच मिळायचे, तेवढ्यावरून माल कसा ठरवायचा हा त्याचा रोजचा प्रश्न. कारखाना स्वतःच्या नावाने छापू देईना म्हणून ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं. रोनाल्ड फिशर 1919 पासून इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होता; प्रयोगाची आखणी कशी करायची हे त्याने खतांच्या आणि वाफ्यांच्या हिशोबातून बसवलं. दोघांपुढे माल होता, पीक होतं. म्हणजे आपल्या गोदाम-शिवारातलंच शास्त्र आहे हे. आपणच ते पुण्याला जाऊन परक्यासारखं शिकतो.

आणि आयटीचंच म्हणशील तर विप्रो 1945 साली आमच्या अमळनेरात सुरू झाली, वनस्पती तूप काढायला. कॉम्प्युटर फार नंतर आले. हे मला पंगतीत सुचलं नाही, घरी येताना गाडीत सुचलं. नेहमीचंच.

आपल्याकडे तर आकड्यावरून भांडण गावोगावी आहे. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला विचार. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तुझ्या बागेचं नुकसान डोळ्यांना किती दिसतं याला फारसा अर्थ नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर तापमान ठरलेल्या अंशांच्या पलीकडे सलग ठरलेले दिवस राहिलं का, यावर भरपाई ठरते. थंडीचं वेगळं, उन्हाचं वेगळं, वाऱ्याचं वेगळं. मग केंद्र कुठे बसवलंय, झाडाच्या सावलीत आहे का, मधल्या एका दिवसाची नोंद गायब आहे का, यावर लाखोंचा प्रश्न. पैसेवारीचं, म्हणजे गावाचं पीक रुपयात किती पैसे आलं या सरकारी अंदाजाचं, तेच. 50 पैशांच्या आत की वर, यावर अख्ख्या गावाची सवलत अवलंबून. हे वाद घालायला आपल्याकडे पुढारी भरपूर आहेत, नोंदवही घेऊन बसणारं कोणी नाही. या डिग्रीचा खरा उपयोग मला इथे दिसतो. कॉलेजच्या जाहिरातीत मात्र काचेची बिल्डिंग असते.

बरं, प्रवेशाचं.

डिग्रीचं नाव बघू नकोस, पहिल्या दोन वर्षांचे विषय बघ. संभाव्यता, संख्याशास्त्र, रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं) आणि डेटाबेस नीट, सलग चार सेमिस्टर असतील तर विचार कर. नावात एआय आहे आणि गणिताचा एकच पेपर आहे, तर फी किती सांगतात हे न विचारता उठून ये. शिकवणाऱ्यांमध्ये संख्याशास्त्रात एमएस्सी केलेला एक तरी माणूस आहे का, हे तोंडावर विचार. त्यांना राग आला तर उत्तर मिळालं.

बीबीए, बीसीए, बीएमएस आता एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आहेत आणि 2024 पासून राज्याच्या सीईटी सेलची वेगळी सीईटी द्यावी लागते. त्यानंतर काही कॉलेजांनी कोर्सची नावं बदलून तोच माल सीईटीशिवाय विकायला काढला. असा कोर्स वाईटच असतो असं नाही, पण पदवीच्या कागदावर नेमकं काय छापून येणार हे लेखी घे.

पुण्याला जायलाच हवं का? माझं मत, नाही. आज मी बारावीत असते तर जळगावात संख्याशास्त्र घेऊन साधी बीएस्सी केली असती आणि सोबत आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस. तिला जेईई लागत नाही. आधी काही आठवडे शिकवून पात्रता परीक्षा घेतात. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायच्या असतात, आणि मध्येच सोडलं तरी त्या टप्प्याचं सर्टिफिकेट, डिप्लोमा किंवा बीएस्सी पदरात पडते. घरचं उत्पन्न कमी असेल तर फीत मोठी सवलत आहे. पुढे वाटलं तर आपल्याच बहिणाबाई चौधरी विद्यापीठात संख्याशास्त्राचं एमएस्सी आहे. पुण्यात खोली, मेस आणि फी मिळून जे जातं त्यात इथे तीन वर्षं निघून वर चांगला लॅपटॉप येतो. आणि सुट्टीच्या दिवशी एखाद्या जिनिंगमध्ये, आडतीवर, मिरचीच्या पथारीवर जाऊन बसता येतं, जे हिंजवडीत बसून जमणार नाही. हो, हे वाक्य तुझ्यासाठी नाही, माझ्या भावासाठी आहे.

आता थोडं उलटंही सांगते, नाहीतर म्हणशील ताई एकतर्फी बोलली. पहिली नोकरी पुण्यात लवकर मिळते, पगारही इथल्यापेक्षा बरा. कॅम्पसला कंपन्या येतात त्या तिकडेच. जळगावात मालक आधी तुला ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणूनच ओळखतो. मीसुद्धा गर्दीच्या दिवसांत ई-वे बिलं काढते, कोणाचा प्रिंटर अडकला तर मलाच हाक. 2023 च्या जूनमध्ये केंद्राने तूर-उडदावर साठा मर्यादा लावली आणि पोर्टलवर साठा जाहीर करायची वेळ आली, तेव्हा वाळवणीवरचा माल तूर धरायचा की डाळ यावर आमच्याकडे अर्धा दिवस खल झाला. तेव्हा कुठे लॉटच्या कॉलमला आणि मला खुर्ची मिळाली. तोवर मीही प्लास्टिकच्या स्टुलावरच होते.

कोडिंगची मनापासून आवड असेल तर सरळ इंजिनिअरिंग कर, माझ्या भावावरच्या रागापायी ते सोडू नकोस. तो हुशार आहे, कमावतोही चांगलं. गणित फक्त मार्कांपुरतं बरं असेल आणि ते करायचा कंटाळा असेल तर मात्र या डिग्रीच्या वाटेला जाऊ नकोस. दुसऱ्या वर्षी रडशील. स्कोपचं विचारलंस त्यावर मला बोलता येणार नाही, चार वर्षांनी बाजारात काय असेल हे सांगणारे यूट्यूबवर पुष्कळ आहेत. आणि धुळ्यातल्या कॉलेजांची चौकशी धुळ्यातच कर.

सीईटीच्या फॉर्मची तारीख आजच सीईटी सेलच्या साइटवर बघ. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढायचा असेल तर सेतू केंद्रात या आठवड्यातच अर्ज टाक. निकाल लागल्यावर तिथे इतकी गर्दी होते की दाखला हातात येईपर्यंत पहिली फेरी निघून जाते.